गाडी थांबते, आपण थांबत नाही

श्रोतेहो, ‘जडत्व’ हा शब्द शाळेच्या पुस्तकात आपल्याला पहिल्यांदा भेटतो आणि बहुतेकांच्या बाबतीत तो तिथंच राहतो. दोन गुणांची व्याख्या पाठ केली, पेपरात उतरवली, की त्याचा आपला संबंध संपला. मी तर कला शाखेचा पदवीधर, कविता लिहिणारा माणूस. विज्ञानाच्या विषयावर मी बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण नंदुरबार जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा शब्द टाळता येत नाही. तो एसटीत भेटतो, मिरचीच्या बाजारात भेटतो, उसाच्या फडात भेटतो आणि घाटात भेटतो. घाटात भेटतो तेव्हा कधी कधी माणसं घेऊन जातो. म्हणून आज त्याच्याशी जरा नीट ओळख करून घेऊ.

आधी शब्दच बघू. मराठीत ‘जड’ हा शब्द आपण किती ठिकाणी वापरतो! पोतं जड असतं, डोकं जड होतं, लेकीची पाठवणी करताना पाय जड होतात. हललं पाहिजे पण हलवत नाही, असं काहीतरी या सगळ्यांत आहे. इंग्रजीत याच गुणाला जो ‘इनर्शिया’ शब्द आहे, तो लॅटिनमधून आला आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ आळस असा आहे. पण हा आळस मोठा गमतीचा आहे. थांबलेल्या वस्तूला चालायचा कंटाळा येतो, हे आपल्याला पटतं. चालणाऱ्या वस्तूला थांबायचाही तेवढाच कंटाळा असतो, हे मात्र लवकर पटत नाही.

आमच्या नंदुरबारच्या बाजारात ते रोज दिसतं. दिवाळीच्या आसपास लाल मिरचीची आवक सुरू झाली, की गावाच्या हवेतच ठसका असतो. मोकळ्या जागांवर मिरचीच्या पथाऱ्या पसरलेल्या असतात आणि रस्त्यांवर पोत्यांनी भरलेल्या हातगाड्या. हमालाकडे लक्ष देऊन बघा. गाडी हलवताना तो अंग वाकवतो, खांदा लावतो, पाय रोवतो. एकदा चाकं फिरली, की नुसता हात ठेवून चालतो. पण चौक जवळ आला, की वीस पावलं आधीपासूनच तो गाडीला मागं रेटायला लागतो. त्याला ठाऊक असतं, की भरलेली गाडी जशी लवकर सुटत नाही, तशी ती लवकर थांबतही नाही. रिकाम्या गाडीला हे सोपस्कार लागत नाहीत. जेवढं वस्तुमान जास्त, तेवढं जडत्व जास्त. त्या हमालाने हा नियम पुस्तकात वाचलेला नसेल, पण त्याच्या खांद्याला तो पाठ आहे.

हे इतकं उघड असूनही माणसाला ते मान्य करायला फार काळ लागला. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांचं म्हणणं असं, की ढकलत राहिलं तरच वस्तू चालते. ढकलणं थांबलं की ती थांबते. रोजचा अनुभवही तसाच वाटतो. बैल थांबले की बैलगाडी थांबते. मग यात खोटं काय? अकराव्या शतकात बू अली सीना, म्हणजे इब्न सिना, यांनी याला प्रश्न केला. युनानी हकिमांना हे नाव वैद्यकातलं म्हणून माहीत असतं. पण त्यांनी गतीचाही विचार केला होता. फेकलेल्या वस्तूत एक ओढ येते आणि बाहेरचा अडथळा नसेल तर ती आपली आपण संपून जात नाही, असं त्यांनी मांडलं. पुढं इटलीत गॅलिलिओ यांनी उतारावरून गोळे सोडून प्रयोग केले. एका उतारावरून सोडलेला गोळा समोरच्या चढावर जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत जातो. समोरचा चढ कमी केला, तर ती उंची गाठायला तो आणखी लांब जातो. मग समोर चढच ठेवला नाही तर? घर्षण नसेल तर तो जातच राहील! ही झेप होती. थांबणं हा वस्तूचा स्वभाव नाही. तिला कोणीतरी थांबवत असतं. बैलगाडीला थांबवतात आसाचं घर्षण, वाटेतली माती आणि खाचखळगे.

आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’ या लॅटिन ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. त्यातला पहिला याच गोष्टीचा आहे. बाहेरून बल लागत नाही तोवर थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते आणि चालणारी वस्तू त्याच वेगाने, सरळ रेषेत चालत राहते. ‘सरळ रेषेत’ हे शब्द लक्षात ठेवा, घाटात आपल्याला ते लागणार आहेत. खरं वाटत नसेल तर आकाशाकडे बघा. १९७७ साली सोडलेलं ‘व्हॉयेजर-१’ हे यान सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने सूर्यमालेपासून दूर चाललं आहे. त्याला मागून कोणी ढकलत नाही. वाटेत अडवणारं कोणी नाही, एवढंच.

घरातही हा पहिला नियम दिवसभर आपल्या कामी येत असतो. गोधडी झटकली की धूळ उडते. खरं तर आपण गोधडी झटक्यात हलवतो आणि धूळ आपल्या जागी राहू पाहते, म्हणून ती सुटी होते. बोरीची फांदी हलवली की बोरं पडतात, तेही असंच. फांदी हलली, बोर जागच्या जागी राहू पाहिलं, देठ तुटला. कुऱ्हाडीचं पातं सैल झालं, की आपले लोक दांड्याचं खालचं टोक दगडावर आपटतात. दांडा थांबतो, पण वरचं जड पातं खाली येत राहतं आणि दांड्यावर घट्ट बसतं. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांवर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं आहे.

आता प्रवासाला निघू. सुरत-भुसावळ मार्गावर नवापूरचं स्टेशन आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, म्हणून ते प्रसिद्ध आहे. तिथून सुटलेली गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते आणि हातातल्या चहाला त्याचा पत्ताही लागत नाही. गाडी एकाच वेगाने सरळ जात असेल, तर चहा हिंदकळत नाही. एक नाणं वर उडवा, ते तुमच्याच हातात परत येतं, मागच्या बाकावर पडत नाही. नाणं हवेत असतानाही गाडीच्या वेगाने पुढं जातच असतं. आपल्या शरीराला वेग कळत नाही, वेगातला बदल कळतो. ताशी शंभर किलोमीटरने जाणाऱ्या गाडीत आपण डुलकी काढतो, ती यामुळंच. आणि धोकाही इथंच आहे. आपण बसलेले आहोत, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात आपण गाडीइतक्याच वेगाने पळत असतो.

एसटीत ब्रेक लागला की हे गुपित फुटतं. बसच्या फरशीला टेकलेले पाय बसबरोबर थांबतात, कमरेवरचा भाग मात्र पुढं निघतो. बस सुटताना उलट होतं; पाय पुढं जातात आणि धड मागं राहतं. वळणावर आपण बाहेरच्या बाजूला कलतो. आपल्याला वाटतं, कोणीतरी बाहेर ओढलं. ओढत कोणीच नसतं. बस वळलेली असते आणि आपलं शरीर सरळ जाऊ पाहत असतं. कंडक्टर कसे उभे असतात, ते बघा. एक पाय पुढं, एक मागं, कंबर सीटच्या दांड्याला टेकलेली. दोन्ही हात तिकिटात गुंतलेले असूनही ते पडत नाहीत.

दुसरा नियम आकड्यांचा आहे, पण घाबरू नका. एखाद्या वस्तूचा वेग बदलायचा असेल, तर किती बल लागेल, ते यात आहे. वस्तू जड असेल तर बल जास्त लागतं. आणि बदल थोड्या वेळात करायचा असेल, तरीही बल जास्त लागतं. कुस्तीच्या आखाड्यात पैलवान तांबड्या मातीत पडतो आणि झटकून उठतो. तोच फरशीवर पडला तर हाड मोडेल. मऊ माती त्याला जरा सावकाश थांबवते, एवढाच फरक. क्रिकेटचा खेळाडू झेल घेताना हात मागं नेतो, तेही यासाठीच. थांबण्याचा वेळ वाढवा, मार कमी होतो.

आता हाच नियम गाडीला लावू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. या वेगाने जाणारी जीप झाडावर आदळली. साठ किलोचा माणूस सेकंदाच्या दहाव्या भागात थांबला, असं धरू. तेवढ्यासाठी त्याच्या अंगावर सुमारे एक हजार किलो वजनाइतकं बल येतं. म्हणजे सिमेंटच्या वीस गोण्या. दुसऱ्या रीतीने सांगायचं, तर चार मजली इमारतीच्या गच्चीवरून पडलेला माणूस जमिनीवर साधारण याच वेगाने आदळतो. गच्चीच्या कठड्यावर बसायला आपण घाबरतो. साठच्या वेगाने चाललेल्या जीपच्या टपावर मात्र निवांत बसतो.

लहानपणी आम्ही एसटीने शहाद्याला नातेवाइकांकडे जायचो, तेव्हा अम्मी मला खिडकीशी बसवायची. ब्रेक लागला रे लागला, की तिचा हात माझ्या छातीवर आडवा यायचा. झोपेत असली तरी यायचा. तुमच्याही आईचा असा हात तुम्हाला आठवत असेल. साध्या ब्रेकला हा हात पुरतो. दहा किलोचं मूल तेव्हा तीन-चार किलोच्या ओढीने पुढं जातं आणि आईला ते धरता येतं. धडकेचा हिशेब वेगळा असतो. साठच्या वेगात, वर सांगितलेल्या धडकेत, तेच दहा किलोचं लेकरू सुमारे १७० किलोच्या ओढीने हातातून सुटतं. जगातली कुठलीही आई एवढं धरू शकत नाही. माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. पुढच्या सीटवर लेकराला मांडीवर घेऊन बसणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा एकदा मनाशी म्हणून बघावा.

सीट बेल्ट हे या आडव्या हाताचंच मजबूत रूप आहे. आज आपण खांद्यावरून आणि कमरेवरून जो पट्टा लावतो, तो १९५९ साली ‘व्होल्वो’ कंपनीतले अभियंते निल्स बोलिन यांनी आणला. जास्तीत जास्त जीव वाचावेत म्हणून कंपनीने तो इतर मोटार उत्पादकांनाही वापरू दिला. हा पट्टा माणसाला गाडीशी बांधून ठेवतो. धडकेत गाडीचा पुढचा भाग चेपतो आणि त्या चेपण्याला जो वेळ लागतो, तो माणसालाही मिळतो. बल छाती-कमरेच्या भक्कम हाडांवर वाटलं जातं. पट्टा नसेल तर गाडी आधी थांबते आणि माणूस नंतर, काचेवर किंवा पुढच्या सीटवर आदळून थांबतो. म्हणूनच मी म्हणतो, गाडी थांबते, आपण थांबत नाही.

मागच्या सीटवर बसणाऱ्यांना वाटतं, आपल्याला काय होतं? ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मोटार महागातली, सगळ्या सोयींची. मागं बसलेले दोघं गेले, पुढं बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. जडत्व गाडीची किंमत विचारत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि पट्टा न लावण्याचा दंड १००० रुपये झाला. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याशिवाय बसवलं तरी तेवढाच दंड आहे. पण आपण पट्टा पोलीस दिसला की लावतो आणि चौक ओलांडला की काढतो. न्यूटनचा नियम चौकाच्या पुढंही लागू असतो.

डोक्याचंही तसंच. कवटी थांबली तरी आतला मेंदू पुढं जात राहतो आणि कवटीवर आदळतो. हेल्मेटच्या आत जो थर्माकोलसारखा थर असतो, तो दबतो आणि डोक्याला थांबायला थोडा जास्त वेळ देतो. हेल्मेटचं खरं काम तो थर करतो. हनुवटीखालची पट्टी बांधली नाही, तर हेल्मेटही जडत्वाने आपल्या वाटेने निघून जातं आणि डोकं आपल्या.

तिसरा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो : प्रत्येक बलाला तेवढंच आणि उलट दिशेचं बल असतं. तापीच्या काठी, प्रकाशाला, नावेतून उडी मारून उतरणाऱ्याने तो अनुभवलेला असतो. माणूस काठाकडे जातो आणि नाव मागं सरकते. याच नियमाने एक कोडंही घातलं आहे. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथल्या एखाद्या घोड्याला हे विचारून बघावं. घोडा टांग्याला जेवढं पुढं ओढतो, तेवढंच टांगा घोड्याला मागं ओढतो. मग टांगा चालतो कसा? उत्तर घोड्याच्या खुरांत आहे. खूर जमिनीला मागं ढकलतात आणि जमीन घोड्याला पुढं ढकलते. जमिनीचं हे ढकलणं टांग्याच्या ओढीपेक्षा जास्त झालं, की घोडा पुढं निघतो. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात बैलांचे पाय सरकतात आणि गाडी रुतते, ती ताकद कमी पडली म्हणून नव्हे. जमिनीला नीट ढकलता येत नाही म्हणून.

या नियमाची कडू बाजू रस्त्यावर दिसते. उसाचा हंगाम आला, की शहादा भागात साखर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग असते. मोटारसायकल अशा भरल्या ट्रॉलीवर आदळली, तर दोघांनाही बसणारा धक्का अगदी सारखा असतो. पण ट्रॉलीचं वस्तुमान मोटारसायकलीच्या कित्येक पट असल्यामुळं ती जेमतेम हलते आणि सारा बदल मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला येतो. बल सारखं, परिणाम सारखा नाही. म्हणून ट्रॉलीच्या मागं लाल दिवा किंवा चमकणारी पट्टी असणं, हे ट्रॉलीवाल्याने दुसऱ्याच्या जिवासाठी करायचं काम आहे.

आता शेवटी घाट. तोरणमाळला जाताना सातपायरी, तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैली, साक्रीहून नवापूरकडे येताना कोंडाईबारी. आपल्या जिल्ह्याला हे घाट चुकत नाहीत. कोंडाईबारीत २१ ऑक्टोबर २०२० रोजी, मध्यरात्रीनंतर, सुरतकडे निघालेली खासगी बस दरीत कोसळली. पाच जण गेले, तीसहून जास्त जखमी झाले. एकेका अपघाताची कारणं तपासणारे तपासतात, तो आपला प्रांत नाही. पण घाटात निसर्गाचे नियम काय मागतात, ते आपल्याला माहीत असायला हवं.

पहिली गोष्ट, प्रत्येक वळणावर गाडी सरळच जाऊ पाहत असते. तिला वळवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. वेग दुप्पट केला, की वळवायला चौपट बल लागतं. तीसने सहज निघणारं वळण साठने घेतलं, तर चौपट घर्षण हवं. ते रस्त्याकडे नसतं; पावसात आणि बारीक खडीवर तर मुळीच नसतं.

दुसरी गोष्ट, थांबायचं अंतरही वेगाबरोबर असंच वाढतं. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक आणि डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, असं धरलं, तर ४० च्या वेगात गाडी साधारण २१ मीटरमध्ये थांबते आणि ६० च्या वेगात साधारण ४० मीटरमध्ये. वेग दीडपट, अंतर जवळपास दुप्पट.

तिसरी गोष्ट, डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय. गिअरमध्ये असताना इंजिनही गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. दोन रुपयांच्या डिझेलसाठी हा सौदा परवडणारा नाही.

चौथी गोष्ट मला जास्त टोचते. दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरून माणसं ऊसतोडीला, मजुरीला गुजरातकडे निघतात. लग्नसराईत वऱ्हाडं निघतात. मालाच्या पिकअपमध्ये माणसं दाटीवाटीने उभी असतात, टपावर चार पोरं बसलेली असतात. माणसं जितकी उंच, तितका गाडीचा तोल वर जातो आणि वळणावर ती कलंडायला सोपी होते. ब्रेक लागला, की उभ्या माणसांना धरणारं काहीच नसतं. हे कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाड्याला दिवसातून एकच एसटी येत असेल आणि पोट थांबत नसेल, तर माणूस मिळेल त्या गाडीत चढणारच. म्हणून नुसतं मजुरांना दोष देऊन चालणार नाही. त्यांना नेणाऱ्या मुकादमाने बसायची गाडी पाठवली पाहिजे आणि घाटापलीकडच्या गावांना पुरेशा एसट्या मिळाल्या पाहिजेत. निसर्गाचे नियम गरीब-श्रीमंत बघत नाहीत, हे खरं. पण त्यांच्यापासून बचावाची साधनं मात्र पैसेवाल्यालाच आधी मिळतात.

श्रोतेहो, नववीच्या पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. घरात नववीचं मूल असेल तर त्याला तो मोठ्याने वाचायला लावा आणि आपणही ऐका. जीपमध्ये बसलात तर पट्टा लावा, मागच्या सीटवरही लावा. मागं ठेवलेलं सामान बांधून ठेवा, कारण धडकेत तेही तुमच्याच वेगाने पुढं येतं. एसटीत पट्टा नसतो, तर निदान दांडा धरा. आणि घाटात ड्रायव्हरने वेग वाढवला, तर ‘दादा, जरा सावकाश’ म्हणायला लाजू नका. त्याला राग येईल, पण तो राग घाटाच्या पायथ्याशी उतरतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)